छतावर तुम्ही, खाली मी

तुम्हाले काय म्हणून हाक मारू, तेच मले समजून नाही राहिलं. एवढी वर्षं एका घरात राहिलो, एका चुलीवरचं खाल्लं, एका विहिरीचं पाणी पेलो, अन् माझ्या तोंडात तुमच्यासाठी एक शब्द नाही. मोठ्या जावेले मी बाई म्हणते, तिचे तुम्ही मालक. माझ्या नवऱ्याचे तुम्ही दादा. माझ्या पोरीचे मोठे बाबा. अन् माझे भासरे. नवऱ्याचा मोठा भाऊ तो भासरा, अन् भासऱ्याले आमच्यात हाक मारतच नाही. त्याच्यासंग बोलतच नाही, तं हाकेचा शब्द कोण बनवून ठेवन? म्हणून आज नुसतं 'तुम्ही' म्हणते. वाईट वाटलं तं वाटू द्या.

काल तेरवी झाली. पाव्हणे गेले, मोठाली भांडी घासून ज्याची त्याले वापस केली. बाई आतल्या खोलीत पडली आहे, आमचे हे शेतात, धानाच्या बांधीकडे गेले. मी मधल्या खोलीत टीव्हीपाशी बसली आहे, तुमच्या खुर्चीच्या अगदी समोर. तुम्ही होते तेव्हा हे मी कधी केलं नाही. मी दारात दिसली की तुम्ही खाकरायचे, दुपट्टा खांद्यावर टाकायचे अन् ओसरीत निघून जायचे. आता जाऊन दाखवा. आज मी बोलणार आहे अन् तुम्हाले आयकाच लागन, आता तुमच्यापाशी खाकराले गळा नाही.

या घरात लग्न करून आली तेव्हा मायनं सारं पाठ करून देलं होतं. भासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर हालला नाही पाहिजे. त्याच्या खाटेवर बसायचं नाही, त्याच्या सावलीतून जायचं नाही, त्याले हात तं चुकूनही लागला नाही पाहिजे. आपला आवाज त्याच्या कानावर पडला नाही पाहिजे. मी तेव्हा पोरगीच होती, मले वाटलं भासरा म्हणजे कोणी वाघ असन. तुम्ही कायचे वाघ! हडकुळे, कमी बोलणारे, हेकट माणूस होते तुम्ही, बस. तहान लागली की ओसरीतून म्हणायचे, घरात कोणी आहे काय. मी पाण्याचा गडवा उंबऱ्यावर ठेवायची, बांगड्या वाजवायची अन् मांगं सरकायची. त्या घरातली 'कोणी' म्हणजे मी. माझं नाव तुम्हाले मालूम होतं की नाही, हे मले अजूनही मालूम नाही.

अन् मंग तो टीव्ही आला. गावात तेव्हा मोजकेच होते. तुम्ही भंडाऱ्याहून आणला, छपराच्या कवेलूवर उंच बांबू बांधला अन् बांबूच्या टोकावर अँटेना. अँटेनाचं तोंड बरोबर टीव्हीच्या टॉवरकडे असलं तं चित्र. जरा वारा सुटला, एखादा कावळा येऊन बसला, की मुंग्या. ज्यानं ते दिवस पाहिले नाही त्याले सांगून समजत नाही. पडद्यावर काळ्या-पांढऱ्या मुंग्या चालून राहिल्या, बातम्या देणाऱ्या बाईले दोन डोकी, आवाज आला तं चित्र नाही, चित्र आलं तं आवाज नाही. तुम्हाले सांजच्या बातम्या पाहिजे म्हणजे पाहिजे. त्याच्या आधीचा शेतकऱ्यायचा कार्यक्रमही पाहिजे. म्हणून रोज दिवस कलला की तुम्ही शिडी लावून वर.

वर चढून अँटेना फिरवणं सोपं आहे. चित्र आलं की गेलं हे खालून कोणीतरी सांगाले पाहिजे. बाईले मुंग्या अन् बातम्या सारख्याच. तिले विचारलं की म्हणायची, दिसून तं राहिलं काहीतरी. आमच्या यायले, म्हणजे माझ्या नवऱ्याले, धीर नाही. ताट वाढलेलं असलं तं चित्र नसतानाही "आला, आला, उतरा" म्हणून मोकळे. मंग उरली कोण? मी. टीव्हीसमोर मी, आंगणात हे, कवेलूवर तुम्ही. तुम्ही यायले विचारणार, हे मले विचारणार, मी यायले सांगणार, हे तुम्हाले सांगणार. एवढ्यात तुमचा हात पुढं सरकलेला अन् आलेलं चित्र गेलेलं. एक दिवस हे कंटाळले अन् चौकात चालले गेले. तुम्ही विचारू शकत नव्हते, मी सांगू शकत नव्हती. तेवढ्यात पडद्यावर चित्र आलं, अगदी साफ, अन् मले वाटलं आता हे हातचं जाणार. मांडणीवरची थाळी उचलली अन् पळीनं एक ठोका हाणला. वरची बांबूची करकर तिथंच थांबली.

तेव्हापासून आपलं ठरलं. ठरलं म्हणजे कोणी ठरवलं नाही अन् कोणी कोणाले सांगतलं नाही. एक ठोका म्हणजे येऊन राहिलं. दोन म्हणजे बिघडलं, उलटं फिरवा. अन् थाळी सारखी वाजत राहिली म्हणजे आता हात काढा, काहीच करू नका. सारं गाव हासायचं. शेजारची म्हातारी म्हणायची, यांच्या घरी रोज सांजचे पोरगं जन्मते काय वो, थाळी वाजवून राहिले ते.

खोटं कायले बोलू, मले ते आवडायचं. या घरात माझं आयकणारं कोणी नव्हतं, अन् तुम्ही माझ्या ठोक्यावर थांबत होते. एकदा ओसरीत कोणीतरी तुम्हाले म्हणलं की टीव्हीपाशी एखादा गडी उभा करा, बाईमाणसाले काय समजते त्यातलं. तुम्ही म्हणलं, "नाही गा. आमच्या इथला ठोका चुकत नाही." मी दाराच्या मांगं होती. त्या दिवशी मी भाजीत मीठ दोनदा टाकलं अन् सारे बोंबलले तरी हासत राहिली.

अन् रविवारचा पिक्चर. तुम्ही खोलीत असले की मी बसू शकत नाही, हे तुम्हाले मालूम होतं. म्हणून रविवारी तुम्ही स्वतःच उठायचे, टीव्ही चालूच ठेवून ओसरीत जाऊन बसायचे, थंडीच्या दिवसातही, कांबळ पांघरून, पिक्चर संपेपर्यंत. एकदाही बंद केला नाही. माझ्या पोरीले तुम्ही सायकल शिकवली. ती तुमच्या कानापाशी ओरडायची, तुमच्या मिशा ओढायची, मोठी झाल्यावर तुमच्यासंग वाद घालायची, अन् तुम्ही हासायचे. तिले पुढं शिकवायचं नाही असं हे म्हणत होते, तेव्हा भंडाऱ्याच्या कॉलेजात तिचं नाव टाकाले तुम्हीच गेले. हे मी विसरली नाही. विसरली असती तं एवढा राग आला नसता. ज्या माणसाले पोरीचं बोलणं चालते, त्याले तिच्या मायचं काहून चालत नव्हतं?

टॉवर बंद झाला तेव्हाची गोठ आठवा. आठवते ना?

घरोघरी डिशच्या छत्र्या लागल्या होत्या. तुम्ही म्हणायचे, हवेतून फुकट येऊन राहिलं तं छत्री कायले पाहिजे. अन् एक दिवस मुंग्या आल्या त्या गेल्याच नाही. तुम्ही अँटेना फिरवला. बांबू उंच केला. काड्या घासल्या, गंजलेले स्क्रू बदलवले, वायर छिलून नव्यानं जोडली. मी थाळी घेऊन उभी, पण वाजवू काय, पडद्यावर काहीच नाही. शेवटी तुम्ही ठरवलं की वायर आतून तुटली. मी मोहाडीच्या बाजाराले जाऊनच राहिली होती, म्हणून यायच्या हाती मले निरोप आला की नवी वायर आणा. टीव्हीचा दुकानवाला म्हणे, "वहिनी, वायर कायले नेता? टॉवरच बंद झाला. आता त्या अँटेनावर कपडे वाळवा." मी रिकाम्या हातानं वापस आली.

आता मले एवढंच तुम्हाले सांगायचं होतं. तुम्ही आंगणात बसून वायरचं टोक छिलून राहिले होते, माझ्यापासून दोन हातावर. टॉवर बंद झाला, एवढंच म्हणायचं. पण तेच चालत नव्हतं. मी बाईले सांगतलं. बाई म्हणे, मले त्यातलं काही समजत नाही, तूच पाहा. यायले सांगतलं, यायनं जेवताना तुम्हाले सांगतलं, अन् कसं, तं दुकानवाला तिले काहीतरी सांगून राहिला होता म्हणे. काहीतरी! तुम्ही म्हणलं, दुकानवाल्याले छत्री विकायची असते. झालं. पालथ्या घड्यावर पाणी.

त्यानंतर कितीतरी दिवस तुम्ही कवेलूवर चढत राहिले. भर उन्हाळा, कवेलू तापलेले, अन् तुम्ही बंद पडलेल्या टॉवरकडे अँटेनाचं तोंड करून राहिले. खाली मी मुंग्या पाहून राहिली. एक दिवस मले असा संताप आला की मी थाळी पालथी घातली अन् पोळ्या लाटाले बसली. तुम्ही वर वाट पाहत राहिले. मंग तुम्ही धान घेऊन तुमसरले गेले, तिथं राइस मिलवर कोण्या माणसानं तुम्हाले तेच सांगतलं जे दुकानवाल्यानं मले सांगतलं होतं. माणसानं सांगतलं म्हणून ते खरं झालं. अन् घरी येऊन, ओसरीत उभं राहून, मले आयकू यावं एवढ्या मोठ्यानं तुम्ही बाईले काय म्हणलं? घरात मालूम होतं तं मले सांगाले काय झालं होतं?

सांगाले काय झालं होतं! त्या दिवशी चुलीपाशी बसून मी नुसते दातओठ खाल्ले. मी सांगतलं होतं. यायच्या तोंडून सांगतलं होतं. तुम्ही ते आयकलं नाही, कारण ते माझ्याकडून आलं होतं. अन् वरून दोष कोणाचा, तं न सांगणारीचा. हे भांडण आपलं अजून बाकी आहे. तुम्ही मेले म्हणून ते मिटलं असं समजू नका.

मंग छत्री आली, मांगून बांधलेल्या स्लॅबच्या खोलीवर बसली. फुकटवाली, महिन्याचं काही लागत नाही, म्हणून तुम्ही राजी झाले. लावून देणारा एकदा येऊन गेला, त्याच्यानंतर तुम्ही कोणाले हात लावू देला नाही. छत्रीचं काम अँटेनाहून नाजूक, बोटभर हालली की गेलं. पण त्यात एक बरं होतं. रिमोटचं बटन दाबलं की पडद्यावर दोन पट्ट्या येतात, एक सिग्नलची अन् एक क्वालिटीची. क्वालिटीची लाल असली तं काही नाही, हिरवी झाली तं चित्र. मी पट्टी पाहून ठोके देऊ लागली. कधी वायरच्या तोंडात पाणी शिरलेलं, कधी वानरायनं छत्री वाकवलेली, कधी नुसते ढग आलेले. आपण सारं शोधून काढायचो.

पोरगी पवनीले देली होती, ती माहेरी आली की डोक्याले हात लावायची. म्हणे, आई, हे काय चालू आहे तुमचं, सरळ फोन लावा ना मोठ्या बाबाले. एकदा तिनं तुमच्या खिशात मोबाईल टाकून तुम्हाले वर पाठवलं अन् माझ्या हातानं फोन लावला. वर फोन वाजत राहिला, वाजत राहिला. तुम्ही खिशातून काढून पाहिला, कोणाचा आहे ते समजले, अन् तसाच वाजू देला. खाली आले, मोबाईल खिडकीत ठेवला अन् निघून गेले. पोरगी हासली. मी नाही हासली. दुसऱ्या दिवशी पुन्हा थाळी. माझेही केस पांढरे झाले होते तेव्हा, गुडघे दुखू लागले होते, पण पदर तिथंच अन् तुमचं खाकरणं तिथंच.

यंदा काय बिघडलं होतं ते आंधळ्याले दिसलं असतं. बाईनं पावसाळ्यात त्या खोलीच्या भिंतीशी वाल लावला होता. वेल भिंत चढला, स्लॅबवर गेला, पाइप धरून छत्रीवर गेला अन् छत्रीच्या पुढं जो वायरवाला डब्बा असते त्याले गुंडाळून बसला. दिवाळीनंतर शेंगा लागल्या. सकाळी दवानं पानं ओली असली की पट्टी लाल, दुपारी ऊन पडलं की जरा हिरवी. मी आंगणातून पाहिलं अन् समजली. यायच्या हाती निरोप देला की वेल कापा. पण बाई म्हणे, फळता वेल तोडत नाही, घराले लागते. अन् तुम्ही, जन्मभर कोणाचं न आयकणारे, नेमकं तेवढंच आयकलं. तुम्ही काय काढलं, तं वेल राहू द्यायचा अन् छत्रीच उंच करायची. लांब लोखंडी पाइप आणला. छत्रीच्या बुडाशी वजनाले ठेवलेले गोटे सरकवायचे, नवा पाइप उभा करायचा अन् त्यावर छत्री चढवायची. या वयात, एकट्यानं. कोणी सोबतीले घ्या म्हणलं तं म्हणे, मले जमते.

त्या दिवशी हे तुमसरले गेले होते, धान घेऊन. बाई तलावावर कपडे धुवाले. मी टीव्हीसमोर थाळी घेऊन उभी. वरून एक-दोन गोटे सरकल्याचा आवाज आला, मंग पाइप आपटल्याचा, मंग काहीच नाही. मी थाळी सारखी वाजवली, थांबा, हात काढा. वर थांबले की काय चाललं, काही समजेना. मी आंगणात आली अन् वर पाहिलं. तुम्ही एका हातानं छत्री धरली होती अन् दुसऱ्या हातानं छाती. थंडीचे दिवस, अन् तुमचा सदरा घामानं ओलाचिंब. तोंडावर रंग नाही. बचत गटाच्या मीटिंगमध्ये नर्सबाईनं आम्हाले हेच सांगतलं होतं, की थंडीत घाम फुटला अन् माणसानं छाती धरली तं वाट पाहायची नाही. मी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मधात सांगाले कोणी नव्हतं. अन् आपल्या ठोक्यायमध्ये याच्यासाठी ठोका नव्हता.

"खाली उतरा," मी म्हणलं. "तुमच्या छातीत दुखून राहिलं. दवाखान्यात जाऊ."

माझा आवाज एवढा मोठा आहे, हे मलेच मालूम नव्हतं. तुम्ही खाली पाहिलं. मंग मान वळवली, हळूहळू शिडी उतरले, माझ्यापासून दूर आंगणात उभे राहिले अन् गोठ्याकडे तोंड करून म्हणलं, "घरात कोणी माणूस नाही काय?"

मी तुमच्या समोर उभी होती. तुमच्या जिवाची गोठ सांगून राहिली होती, अन् तुम्ही गोठ्यातल्या बैलायले विचारून राहिले होते की घरात कोणी माणूस आहे काय. मले त्या दिवशी पहिल्यांदा समजलं की एवढी वर्षं तुम्ही 'घरात कोणी' म्हणायचे त्यात मी नव्हतीच. मी त्या गडव्यासारखी होती, उंबऱ्यावर आपोआप येणारी.

पुढचं सारं तुम्हीच केलं. त्या दिवसापासून घरात जेवले नाही. डबा बांधीवर मागवला, धानाच्या ढिगापाशी राखण करत बसले. गावभर झालं की धाकटी भासऱ्याले बोलली. बाई काही दिवस माझ्यासंग तुटक वागली. आमचे हे म्हणे, तुले जरा थांबता नाही आलं काय, मी येतच होतो ना. तुमसरहून! मी यायले म्हणलं, मले काय बोलायचं ते बोला, पण त्यायले भंडाऱ्याले न्या, छाती तपासून आणा. गेले हे तुमच्यापाशी, एकदा नाही, दोनदा गेले. तुम्ही म्हणलं गॅस होता, ओवा खाल्ला, गेला. अन् वरून म्हणलं, "आता घरातल्या बायका सांगतील तसं चालाचं काय मी?"

यायनं हे येऊन मले सांगतलं तेव्हा मी कणीक मळून राहिली होती. ती परात भिंतीवर फेकाची तेवढी बाकी ठेवली. टॉवरच्या वेळी माझं आयकलं नाही, तं काय झालं, मुंग्या पाहिल्या काही दिवस. कोणाचं काही गेलं नाही. पण हे तं तुमचं काळीज होतं! त्याची खबर मी आणली अन् तुम्ही ती दारातूनच वापस केली, कारण आणणारी भावाची बायको. कोणती इज्जत वाचवली तुम्ही, सांगा ना. तुम्ही गेले. बाईचं कपाळ उघडं पडलं. हे घरात आले की अजून तुमची चप्पल पाहतात. अन् इज्जत? ती ओसरीत बसून आहे, जशीच्या तशी, तिले काही झालं नाही. आग लागो तिले.

थोड्याच दिवसात ती दुपार आली. तुम्ही बांधीवरून घरी आले, ओसरीतल्या खाटेवर टेकले. बाई शेजारच्या घरी गेली होती, हे धान काढायच्या मशीनपाशी. मी आत तांदूळ निवडून राहिली होती. तुम्ही पाणीही मागतलं नाही. नुसता खाट सरकल्याचा आवाज आला, अन् मंग तुम्ही पडल्याचा. मी धावली. लोकायले एवढंच मालूम आहे की मी ओरडली, माणसं जमली, कोणाची तरी गाडी आली, तेव्हा तुमचे डोळे मिटलेले होते, अन् भंडाऱ्याच्या वाटेवर तुम्ही संपले.

तुम्हाले घरी आणलं तेव्हा दोन म्हाताऱ्या कुजबुजल्या, धाकटीनं भासऱ्याले हात लावला, तिच्या डोक्यावरून पाणी टाका. मी म्हणलं, आज सारेच आंघोळ करून राहिले, माझ्यासाठी वेगळी घागर कायले पाहिजे? मी आता बोलतच असते, तुम्ही पाहाले नाही एवढंच. दिवसकार्याच्या आधी मी इळा घेतला, पदर खोचला अन् शिडी लावून स्लॅबवर चढली. वेल बुडापासून कापला, डब्ब्याभोवतीचा सारा गुंता तोडून खाली फेकला. शेंगांनी लदलेला होता. बाई आंगणात उभी राहून पाहत होती. काल सारं आटोपल्यावर यायनं टीव्ही लावला, तं पट्टी हिरवीगार. छत्री जागची हाललीही नव्हती, तुमचा पाइप अजून तिथंच आडवा पडला आहे. एका इळ्याचं काम होतं हो. मी निरोप धाडला होता. एका इळ्याच्या कामासाठी तुम्ही गोटे अन् लोखंड उचलाले गेले, अन् मी खाली थाळी बडवत राहिली.

आता बाईचं सांगते. ती रोज एकच विचारते. जेवताना, कपडे घडी करताना, डोळा लागता लागता. शेवटी काही बोलले काय वो? तिचं काय चुकलं? जन्मभराचा संसार, अन् शेवटच्या घडीले ती शेजारी गप्पा मारून राहिली होती, जवळ मी होती. तिले एक शब्द पाहिजे. तिच्या नावाचा, घराच्या नावाचा, देवाच्या नावाचा, कोणताही चालन. मी म्हणते, नाही बाई, काही नाही बोलले. ती मान हालवते, अन् दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारते. परवा म्हणली, मनात तरी माझं नाव घेतलं असन. मी म्हणलं, हव बाई, घेतलंच असन. माझ्या बाळंतपणात या बाईनं माझं सारं केलं, मले मायची आठवण येऊ देली नाही. अन् तिच्यासंग तुम्ही मले खोटं बोलाले लावलं.

खरं कसं सांगू तिले? तुम्ही बोलले होते. श्वास वर चढला होता पण डोळे उघडे होते, तुम्ही मले ओळखलं. मी धावत आली त्यात पदर कुठं गेला मले शुद्ध नव्हती. माझं उघडं डोकं तुम्ही पाहिलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा सरळ माझ्या तोंडाकडे पाहून बोलले, अन् अंगात जेवढा श्वास उरला होता तेवढा सारा त्यातच घातला. बाईसाठी ठेवला नाही, भावासाठी ठेवला नाही.

"पदर घे," तुम्ही म्हणलं.

मी नाही घेतला. माझे दोन्ही हात तुमच्या डोक्याखाली होते.